संचालक मंडळातील एक खुर्ची आणि समानतेचा प्रश्न

१९३३ साली लिव्हर ब्रदर्स या नावाने आपल्या देशात स्थापन झालेली कंपनी आज हिंदुस्थान युनिलिव्हर म्हणून ओळखली जाते. तिच्या व्यवस्थापकीय संचालकपदी १ ऑगस्ट २०२५ रोजी प्रिया नायर रुजू झाल्या. नव्वदांहून अधिक वर्षांच्या इतिहासात या पदावर आलेल्या त्या पहिल्या महिला होत. भांडवलदारी वृत्तपत्रांनी या नेमणुकीचे मोठे कौतुक केले. अशी नेमणूक झाली की दरवेळी हाच सूर लागतो : पाहा, भारतीय स्त्री आता शिखरावर पोहोचली, जिद्द असेल तर तिला कोणतेही दार बंद नाही.

याच्या अगदी उलट असा दुसरा सूर आहे आणि तो आपल्या चळवळीतही अधूनमधून ऐकू येतो. मालकाच्या खुर्चीवर पुरुष बसला काय नि स्त्री बसली काय, कामगाराच्या पगारात त्याने काय फरक पडणार? हा उच्चभ्रू स्त्रियांचा प्रश्न आहे, त्यांचा त्या पाहून घेतील, आपण त्यात का पडावे?

या दोन्ही भूमिका चुकीच्या आहेत. पहिली भूमिका अपवादालाच नियम म्हणून मिरवते आणि लाखो स्त्रियांपुढे उभ्या असलेल्या भिंती दृष्टीआड करते. दुसरी भूमिका क्रांतिकारक शब्दांत बोलत असली तरी प्रत्यक्षात कामगारवर्गाच्या निम्म्या हिश्श्याचा एक लोकशाही हक्क मालकवर्गाच्या मर्जीवर सोडून देते. कामाच्या ठिकाणी निर्णय घेण्याचा, देखरेख करण्याचा, बढती मिळवून जबाबदारी पेलण्याचा स्त्रीचा हक्क हा काही मूठभर संचालिकांपुरता प्रश्न नाही. बँकेतील कारकून, विमा कार्यालयातील अधिकारी, विमानातील परिचारिका, औषध कंपनीच्या पॅकिंग खात्यातील कामगार या सर्वांचा तो प्रश्न आहे. तो वरच्या खुर्चीपासून सुटत नाही. भरतीचे टेबल, बढतीची यादी, बदलीचा हुकूम आणि पाळणाघर या ठिकाणी तो लढवावा लागतो. आणि तो लढवण्याची ताकद संघटित कामगार-कर्मचाऱ्यांतच आहे. गेल्या साठ वर्षांचा अनुभव हेच सांगतो.

कायद्याने काय दिले?

२०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १४९ अन्वये शेअर बाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीच्या, तसेच किमान १०० कोटी रुपये भरणा भांडवल किंवा किमान ३०० कोटी रुपये उलाढाल असलेल्या प्रत्येक सार्वजनिक कंपनीच्या संचालक मंडळावर किमान एक महिला असणे बंधनकारक झाले. अवघी एक! नोंदणीकृत कंपन्यांना यासाठी ‘सेबी’ने प्रथम १ ऑक्टोबर २०१४ ही मुदत दिली, आणि पुढे ती १ एप्रिल २०१५ पर्यंत वाढवली. एका खुर्चीसाठीदेखील उद्योगपतींना सहा महिने अधिक लागले.

मुदत जवळ आली तसा या वर्गाने शोधलेला मार्ग बोलका आहे. अनेक कंपन्यांच्या प्रवर्तकांनी आपल्याच पत्नीला, मुलीला वा सुनेला मंडळावर बसवले. देशातील एका बड्या खासगी उद्योगसमूहाने, रिलायन्सने, जून २०१४ मध्ये अध्यक्षांच्या पत्नीचीच संचालक म्हणून नेमणूक केली. कायद्याच्या अक्षराचे पालन झाले. मंडळावरील कुटुंबाची पकड मात्र सैल होण्याऐवजी आणखी घट्ट झाली. हा प्रकार इतका उघडा होता की उदय कोटक समितीच्या २०१७ च्या शिफारशींनंतर ‘सेबी’ला नवा नियम करावा लागला. पहिल्या ५०० नोंदणीकृत कंपन्यांनी १ एप्रिल २०१९ पर्यंत, आणि पहिल्या १,००० कंपन्यांनी १ एप्रिल २०२० पर्यंत किमान एक ‘स्वतंत्र’ महिला संचालक नेमावी, असे त्यात म्हटले आहे. मालकाच्या घरातील नसलेली एक तरी स्त्री मंडळावर असावी, एवढी साधी गोष्ट नियम करून सांगावी लागली, यातच सारे आले.

या सर्व खटाटोपानंतर भारतीय कंपन्यांच्या संचालक मंडळांतील महिलांचे प्रमाण सुमारे १८ टक्क्यांपर्यंत आले आणि मुख्य कार्यकारी पदांवर ते जेमतेम ५ टक्क्यांच्या आसपास राहिले. याउलट, १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत एक तृतीयांश जागा महिलांसाठी राखल्या, आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले. दुष्काळी तालुक्यातील शेतमजूर स्त्री गावाच्या अंदाजपत्रकावर सही करण्यास लायक ठरते. नरिमन पॉइंटच्या वातानुकूलित दालनात मात्र ‘लायक स्त्रिया मिळत नाहीत’ ही सबब चालते. लायकीचा प्रश्न खरा नव्हेच. जेथे मालमत्तेची सत्ता आहे तेथे लोकशाहीचा प्रवेश रोखून धरणे, हा खरा प्रश्न आहे.

म्हणून हे प्रमाण वाढवण्याच्या मागणीला आपला पाठिंबाच असला पाहिजे. तथापि केवळ वरचे प्रमाण वाढवल्याने खालचे चित्र आपोआप पालटत नाही, हेही ध्यानात घेणे आवश्यक आहे. नॉर्वेने २००३ मध्ये कायदा करून सार्वजनिक भागभांडवलाच्या कंपन्यांत ४० टक्के संचालक स्त्रिया असल्या पाहिजेत असे ठरवले आणि २००८ पासून त्याची सक्तीने अंमलबजावणी केली. मंडळे खरोखरच बदलली. तेथे आलेल्या स्त्रिया आधीच्या स्त्री संचालकांपेक्षा शिक्षण व अनुभवाने सरस होत्या, ‘लायक स्त्रिया नाहीत’ हा दावा तेथे खोटा ठरला. परंतु त्याच कंपन्यांत खालच्या पदांवर काम करणाऱ्या स्त्रियांच्या बढत्या व वेतन यांत या कायद्यामुळे लक्षणीय फरक पडल्याचे अभ्यासकांना आढळले नाही. वरून झिरपत खाली येणारी संपत्ती जशी खाली पोहोचत नाही, तशीच समानताही पोहोचत नाही.

शिडी कोठे तोडली जाते?

व्यवस्थापकाच्या खुर्चीपर्यंत जाणारी शिडी वरच्या पायरीवर तुटत नाही. ती खालच्या पायऱ्यांवरच तोडून ठेवलेली असते. विवाह आणि मातृत्व ही ती तोडण्याची हत्यारे आहेत.

मुंबईतील इंटरनॅशनल फ्रँचायझीज या औषध कंपनीत पॅकिंग खात्यातील अविवाहित स्त्री कामगाराने लग्न केले की तिची नोकरी संपे. बॉम्बे लेबर युनियनने हा प्रश्न लढवत सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. या खात्यातील काम गटाने करायचे असते, विवाहित स्त्रिया वारंवार गैरहजर राहतात, असा युक्तिवाद कंपनीने केला. १९६५ मध्ये न्यायालयाने तो फेटाळून नियम रद्द केला. बाळंतपणाच्या रजेच्या काळासाठी चार बदली कामगार राखीव ठेवणे कोणत्याही कारखान्याला अवघड नाही, एवढाच त्याचा अर्थ होता. एका कामगार संघटनेने पॅकिंग खात्यातील मूठभर स्त्रियांसाठी दिलेली ही लढत देशातील प्रत्येक नोकरदार स्त्रीच्या उपयोगी पडली.

पुढे १९८१ मध्ये एअर इंडियाच्या हवाई सुंदरींचा खटला उभा राहिला. ३५ व्या वर्षी निवृत्ती, पहिल्या चार वर्षांत लग्न केल्यास नोकरीतून मुक्ती, आणि पहिल्या गर्भधारणेबरोबर नोकरीचा शेवट असे त्यांच्या सेवेचे नियम होते. नर्गिस मिर्झा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गर्भधारणेचा नियम घटनाबाह्य ठरवला. चार वर्षांच्या विवाहबंदीला मात्र हात लावला नाही. त्याच विमानातील पुरुष कर्मचाऱ्यांना यापैकी कोणतीही अट नव्हती.

गोष्ट येथेच संपली नाही. विमानातील सेवावर्गाचे नेतृत्व करणाऱ्या ‘इन-फ्लाइट सुपरवायझर’ या पदावर एअर इंडियात केवळ पुरुषच येऊ शकत. वीस-पंचवीस वर्षे सेवा झालेली स्त्री आपल्याहून कनिष्ठ पुरुषाच्या हाताखाली काम करी. डिसेंबर २००५ मध्ये व्यवस्थापनाने हे पद स्त्रियांना खुले केले, तेव्हा त्याला न्यायालयात आव्हान दिले ते पुरुष कर्मचाऱ्यांनीच! स्त्रीच्या हाताखाली काम करणे त्यांना मान्य नव्हते. २००७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात आणि नोव्हेंबर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ते हरले. कामगार-कर्मचाऱ्यांच्या मनातही सरंजामी संस्कार किती खोल रुतलेले असतात याचा हा धडा आहे. १९६५ मध्ये कामगार संघटना स्त्री कामगारांच्या पाठीशी उभी राहिली. चाळीस वर्षांनी पुरुष कर्मचारी आपल्याच सहकारी स्त्रियांच्या वाटेत उभे राहिले. दोन्ही गोष्टी आपल्याच इतिहासाचा भाग आहेत, आणि त्यांतील कोणती पुढे न्यायची हे आपण ठरवायचे आहे.

सार्वजनिक क्षेत्रातील अन्य संस्थाही या दोषापासून मुक्त राहिल्या नाहीत. आयुर्विमा महामंडळाच्या भरतीच्या वेळी स्त्री उमेदवाराला तिच्या मासिक पाळीविषयी व गर्भधारणेविषयी माहिती लिहून द्यावी लागे. नीरा माथूर खटल्यात १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्त्रीच्या प्रतिष्ठेला बाधा आणणारे ठरवले. पुढे तीस वर्षे लोटली. ३१ डिसेंबर २०२१ रोजी भारतीय स्टेट बँकेने परिपत्रक काढले, की तीन महिन्यांहून अधिक गर्भवती असलेली उमेदवार ‘तात्पुरती अपात्र’ मानली जाईल आणि प्रसूतीनंतर चार महिन्यांच्या आत ती रुजू होऊ शकेल. २००९ पासून सहा महिन्यांपर्यंतच्या गर्भवती उमेदवारांना रुजू होता येत होते. तो हक्कही या परिपत्रकाने काढून घेतला. महिला संघटना व कर्मचारी संघटना यांनी आवाज उठवला, दिल्ली महिला आयोगाने नोटीस काढली, आणि २९ जानेवारी २०२२ रोजी बँकेला परिपत्रक मागे घ्यावे लागले.

या घटनेत एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. याच बँकेच्या अध्यक्षपदी २०१३ ते २०१७ या काळात एक महिला, अरुंधती भट्टाचार्य, होत्या. शिखरावर स्त्री बसून गेली म्हणून भरतीच्या टेबलावरचा अन्याय संपला नाही. तो थांबवला तो बाहेर उभ्या असलेल्या संघटित शक्तीने. जून २०२४ मध्ये रॉयटर्स वृत्तसंस्थेने चेन्नईजवळील श्रीपेरुंबुदूर येथील फॉक्सकॉनच्या कारखान्यात आयफोन जुळणीच्या कामासाठी विवाहित स्त्रियांना नाकारले जाते असे वृत्त दिले. कंपनीने आरोप नाकारला, केंद्र सरकारला राज्याकडून अहवाल मागवावा लागला. १९६५ च्या पॅकिंग खात्यातील तोच प्रश्न जगातील सर्वांत आधुनिक कारखान्याच्या दारात पुन्हा उभा राहिला आहे.

समान काम आणि युनियनचा करार

१९७५ च्या सप्टेंबरात समान वेतनाचा अध्यादेश निघाला आणि १९७६ मध्ये त्याचा कायदा झाला. या कायद्याची खरी कसोटी मुंबईतच लागली. मॅकिनन मॅकेन्झी या जहाज व्यवसायातील कंपनीत वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या स्त्री लघुलेखिकांना पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी वेतन मिळे. काम तेच, वेग तोच, यंत्रही तेच. त्यांच्यापैकी ऑड्रे डिकोस्टा यांना १९७७ मध्ये नोकरीतून कमी करण्यात आले, तेव्हा त्यांनी वेतनातील फरकाची मागणी केली आणि दहा वर्षे लढा दिला. मार्च १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. कंपनीची आर्थिक स्थिती चांगली नाही ही सबबही न्यायालयाने ऐकली नाही.

परंतु कंपनीने आणखी एक बचाव मांडला होता, आणि तो आपल्याला खाली पाहायला लावणारा आहे. हे वेतनदर १९७५ मध्ये युनियनशी झालेल्या करारानुसारच ठरले आहेत, असे कंपनीचे म्हणणे होते. न्यायालयाने सांगितले की असा करार कायद्यावर मात करू शकत नाही. पण तसा करार मुळात झालाच कसा? स्त्रीचा पगार हा घराला पूरक पगार, पुरुषाचा पगार हा घर चालवणारा पगार, ही मालकाची समजूत वाटाघाटीच्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूलाही बसलेली होती म्हणून. ज्या स्त्रीला युनियनच कमी दर्जाची कर्मचारी मानते, तिला व्यवस्थापन बढतीच्या यादीत वर कसे घेईल?

१९७६ चा कायदा आता वेतन संहितेत विलीन झाला असून चारही श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आणण्यात आल्या आहेत. वेतनात लिंगभेद करू नये हे तत्त्व संहितेतही लिहिलेले आहे. तथापि ज्या संहितांनी संपाचा हक्क आवळला आणि ‘ठराविक मुदतीच्या’ नोकऱ्यांचा रस्ता मोकळा केला, त्यांतून हे तत्त्व अमलात कोण आणणार? मुदतबंद नोकरीत बढती नसते, सेवाज्येष्ठता नसते. कंत्राट वाढवून हवे असेल तर स्त्रीने गरोदरपण लपवावे किंवा टाळावे, हा त्या नोकरीचा अलिखित नियम असतो. शिडीच काढून घेतली, तर वर चढण्याच्या हक्काला अर्थ राहत नाही.

मातृत्वाचा भार कोणी उचलायचा?

२०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर बंधनकारक झाले. या दोन्ही तरतुदी सामाजिक सुरक्षा संहितेतही आल्या आहेत. ही सुधारणा स्वागतार्हच आहे. परंतु सरकारने त्यात एक मोठी गोम ठेवली. कर्मचारी राज्य विमा योजनेत असलेल्या स्त्रीचा खर्च महामंडळ उचलते. त्या योजनेची वेतनमर्यादा २०१७ मध्ये दरमहा २१,००० रुपये ठरवण्यात आली. तिच्या वर वेतन असलेल्या स्त्रीच्या रजेचा पूर्ण खर्च एकट्या मालकावर टाकण्यात आला. पर्यवेक्षक, अधिकारी, व्यवस्थापक या पदांकडे जाऊ शकणाऱ्या स्त्रिया बहुतांशी याच गटात मोडतात.

परिणाम उघड आहे. नफ्याच्या हिशेबाने चालणारा मालक तिशीतील स्त्रीकडे सहा महिन्यांचा खर्च म्हणून पाहतो आणि उमेदवार निवडताना तो मनातल्या मनात वजा करून टाकतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००० सालच्या मातृत्व संरक्षण ठरावात हा धोका ओळखलेला आहे. रजेच्या काळातील रोख लाभाचा थेट खर्च एकेकट्या मालकावर पडू नये, तो सामाजिक विमा किंवा सार्वजनिक निधीतून भागवावा, असे त्यात म्हटले आहे. आपल्या सरकारने त्या ठरावाला मान्यता दिलेली नाही. अपत्य हे समाजाचे असते. त्याच्या जन्माचा खर्च समाजाने उचलला पाहिजे. सर्व मालकांकडून वर्गणी घेऊन आणि सरकारी हिस्सा घालून मातृत्व निधी उभारावा, ही मागणी पाळणाघराच्या मागणीइतकीच तातडीची आहे.

बाळंतपणाची रजा संपते, घरकाम संपत नाही. केंद्रीय सांख्यिकी खात्याच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे खर्च करतात. घरकाम करणारे पुरुष अवघी ८८ मिनिटे. जवळजवळ पाच तासांची ही बिनपगारी पाळी करून जी स्त्री कचेरीत येते, तिच्याकडून सायंकाळी सात वाजताच्या बैठकीची आणि एका रात्रीत स्वीकारायच्या बदलीची अपेक्षा ठेवायची, आणि ती मागे पडली की तिच्यात महत्त्वाकांक्षा नाही म्हणायचे, हा भांडवलशाही व्यवस्थापनाचा न्याय आहे. स्त्रीमुक्तीची पहिली अट म्हणजे तिचा सार्वजनिक उत्पादनात प्रवेश, असे एंगल्सने १८८४ मध्येच दाखवून दिले होते; घरकामाचे सामाजिकीकरण झाल्याशिवाय तो प्रवेश अर्धाच राहतो, हेही त्यातूनच निघते.

सार्वजनिक क्षेत्राचा धडा

जेथे शिडी शाबूत होती तेथे स्त्रिया चढल्या. १९ जुलै १९६९ रोजी चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. शाखांचा विस्तार झाला, जाहीर स्पर्धापरीक्षेने भरती सुरू झाली, बढतीचे लेखी नियम आले आणि संघटनांनी ते पाळायला लावले. ओळखीपाळखीने भरती होत असताना जी मुलगी बँकेच्या दारातही पोहोचली नसती, ती परीक्षा देऊन आत आली. अरुंधती भट्टाचार्य १९७७ मध्ये परिवीक्षाधीन अधिकारी म्हणून स्टेट बँकेत दाखल झाल्या आणि ३६ वर्षांनी अध्यक्ष झाल्या, त्या अशाच शिडीने. आज बँकांच्या खासगीकरणाची भाषा करणारे लोकच स्त्रियांच्या ‘नेतृत्वा’चे सोहळे साजरे करतात, यातील विसंगती आपण लोकांपुढे मांडली पाहिजे.

तसेच देखाव्याचे काय होते हेही सांगितले पाहिजे. १९ नोव्हेंबर २०१३ रोजी मुंबईत भारतीय महिला बँकेचे उद्घाटन मोठ्या थाटात झाले. सरकारने १,००० कोटी रुपये भांडवल दिले. साडेतीन वर्षांत, १ एप्रिल २०१७ रोजी, ती स्टेट बँकेत विलीन झाली. स्त्रियांसाठी वेगळी पाटी लावणे सोपे. प्रत्येक बँकेत त्यांच्या भरतीचे, बदलीचे, बढतीचे नियम न्याय्य करणे कठीण. सरकारने सोपे ते निवडले.

स्त्री आणि वर्ग

येथे एक भ्रम दूर ठेवला पाहिजे. स्त्री अधिकारी झाली म्हणजे शोषण सौम्य होते, असे नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत वाइंडिंग व रीलिंग खात्यांतील स्त्रियांवर देखरेख करणाऱ्या स्त्री जॉबरना ‘नायकीण’ म्हणत. कामावर घेणे, काढणे त्यांच्या हाती असे, आणि कामावर घेण्यासाठी त्या गरीब स्त्रियांकडून दस्तुरीही उकळत. १९२० ते ३० च्या काळात मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांत सुमारे पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता. पुढे रॅशनलायझेशनच्या लाटेत तो घसरत घसरत नगण्य झाला. नायकिणी ते थांबवू शकल्या नाहीत, कारण त्यांची सत्ता मालकाने दिलेली होती. आजची संचालिकाही मालमत्तेच्या सत्तेची नोकर असते. तिच्या घरी स्वयंपाक व मुले सांभाळणारी घरकामगार बहुधा रजा, विमा, निवृत्तिवेतन यांवाचून राबत असते, आणि ती राबते म्हणूनच ही बैठकीला वेळेवर पोहोचते. एका स्त्रीची बढती दुसऱ्या स्त्रीच्या स्वस्त श्रमावर उभी असेल, तर ती समानता अपुरी आहे.

म्हणून मग हा हक्क आपण सोडून द्यायचा काय? मुळीच नाही. दलित तरुण कलेक्टर झाला म्हणून जातिव्यवस्था संपत नाही. तरीही त्याच्या कलेक्टर होण्याच्या हक्कासाठी आपण लढतोच. लोकशाही हक्क मालकवर्गाच्या चौकटीतलाच असला तरी तो मिळवताना कामगारवर्ग संघटित होतो, शिकतो आणि पुढच्या लढ्यासाठी सज्ज होतो.

आपल्यापुढील कामे

पहिले काम माहिती मिळवण्याचे. बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून ‘सेबी’च्या नियमानुसार आपल्या वार्षिक अहवालाबरोबर सामाजिक जबाबदारीविषयक तपशील द्यावा लागतो. संचालक, वरिष्ठ अधिकारी, कर्मचारी आणि कामगार या प्रत्येक गटातील पुरुष व स्त्रियांचे मध्यम वेतन किती. बाळंतपणाच्या रजेनंतर किती स्त्रिया कामावर परतल्या आणि बारा महिन्यांनी किती टिकल्या. किती कर्मचारी युनियनचे सभासद आहेत. हे सर्व त्यात असते. कंपन्या हा अहवाल भागधारकांसाठी छापतात. तो कामगार संघटनांनी वाचला पाहिजे. पुण्या-नाशिकपासून बडोदा, इंदूर, बंगळूर, हैदराबादपर्यंत जेथे आपले कार्यकर्ते औद्योगिक वसाहतींत काम करतात, तेथे प्रत्येक युनियनने आपल्या कंपनीचे हे आकडे काढून फाटकावरच्या फलकावर लावावेत आणि मागणीपत्रात घालावेत.

दुसरे काम, २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्याची अंमलबजावणी. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी, आणि तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरील स्त्री हवी. वरिष्ठ पदावर स्त्रीच नसेल तर समितीची अध्यक्ष दुसऱ्या कार्यालयातून आणावी लागते. तिला या जागची माणसे, या जागची भीती ठाऊक नसते. बढतीचा प्रश्न आणि सुरक्षिततेचा प्रश्न असे एकमेकांत गुंतलेले आहेत.

तिसरे काम करारांचे. बढतीचे निकष लेखी व जाहीर असावेत. बाळंतपणाच्या रजेचा काळ सेवाज्येष्ठतेत व मूल्यमापनात धरला जावा. बदलीची पूर्वसूचना मिळावी. पाळणाघर कागदावर नव्हे तर कामाच्या जागी असावे, आणि त्याचा लाभ कंत्राटी स्त्रियांनाही मिळावा. या कलमांवाचून एकाही करारावर सही होता कामा नये.

चौथे काम आपल्या घरातले आहे. ज्या उद्योगात निम्म्या स्त्रिया आहेत तेथील युनियनच्या कार्यकारिणीत निम्म्या स्त्रिया का नाहीत, हा प्रश्न प्रत्येक शाखेने विचारला पाहिजे. सभेची वेळ रात्री नऊची ठेवायची आणि स्त्रिया येत नाहीत अशी तक्रार करायची, हे सायंकाळी सातची बैठक बोलावणाऱ्या व्यवस्थापकाचेच अनुकरण होय. वाटाघाटीच्या टेबलावर आपल्या बाजूने स्त्रिया बसल्या असत्या, तर १९७५ चा तो करार तसा झाला नसता.

मालकवर्ग एखादी खुर्ची देईल, तिचे छायाचित्रही छापेल. भरतीच्या टेबलापासून वरपर्यंतची शिडी मात्र तो आपण होऊन कधीच देणार नाही. ती पायरी-पायरीने बांधून घ्यावी लागेल, आणि बांधणाऱ्या हातांत स्त्रियांचे हात निम्मे असले पाहिजेत.